फुंकरीला मनाई

ज्यांच्या ज्यांच्या अंगात रक्त आहे अशा तमाम स्त्री-पुरुष वाचकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, सुई टोचण्याआधी दुसऱ्याच्या हातावर फुंकर घालणं हा आरोग्याविरुद्धचा गुन्हा असून आई, मावशी, आत्या, नर्स यांपैकी कोणालाही त्यातून सूट नाही. फुंकर घालताना आढळल्यास ओठ जप्त केले जातील.

भाषा माझी. हुकूम मात्र खरा आहे. आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर तो तांबड्या रंगात लिहिला गेला तेव्हा ब्रश माझ्या हातात होता. ‘फुंकर मारू नये’ एवढंच लिहायला सांगितलं होतं. मी हौसेनं खाली गाल फुगवलेलं एक तोंड काढलं आणि त्यावर फुली मारली. ते तोंड हुबेहूब आमच्या सिंधूबाईंसारखं झालं. मुद्दामच केलं होतं.

हा दवाखाना खामगावला, कापसाच्या पेठेमागे. धर्मादाय होता, म्हणजे धर्म दात्यांच्या नावावर आणि आदाय आमच्या नशिबी. महाराष्ट्र राज्य नवं होतं, मीही नवा होतो. आमचं घर धाड गावचं, भाजीपाल्याच्या धंद्याचं. नागपूरला जाऊन रक्त-लघवी तपासायचा कोर्स करून मी परत आलो, तेव्हा वडिलांनी वांग्याच्या पाटीवरून मान वर न करता विचारलं, “आपल्या घरी वांगे तपासतेत. तू हे काय तपासून राह्यला बाप्पा?” त्यांना मी आयुष्यभर समजावू शकलो नाही. तुम्हाला समजावायचा प्रयत्न करून बघतो.

माणसाचं रक्त शरीराच्या आत असतं तोवर जंतूंच्या बाबतीत अगदी स्वच्छ असतं. मग तो माणूस कितीही नालायक असो. मी आमच्या भागातल्या दोन पुढाऱ्यांचं रक्त तपासलं आहे, स्वच्छ होतं. कातडीवर मात्र सदैव यात्रा भरलेली असते. तिथे जंतूंची पालं पडलेली, पाळणे फिरत असलेले. त्यांचा कोणाला उपद्रव नाही, जोवर ते बाहेर आहेत.

आता एखाद्याचा ताप उतरतच नाही. रक्तातच जंतू शिरलेत की काय, हे बघायचं आहे. तर शिरेतून रक्त काढायचं, पौष्टिक रस्सा भरलेल्या बाटलीत टाकायचं, बाटली उबेच्या कपाटात ठेवायची आणि वाट बघायची. रक्तात जंतू असले तर ते रस्सा खाऊन वाढतात, बाटली गढूळ होते. याला रक्ताचं कल्चर म्हणतात. पण सुई आत जाताना कातडीवरचा एखादा यात्रेकरू तिच्याबरोबर बाटलीत आला, तर तोही तोच रस्सा खातो, बाटली तशीच गढूळ होते, आणि ज्या रक्ताचा काही अपराध नाही त्याच्यावर खटला उभा राहतो. याला आम्ही ‘बाटली बिघडली’ म्हणायचो. आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी नाचक्की हीच.

रस्सा मीच करायचो. तयार मिळत असे, पण तो मुंबईहून मागवावा लागे आणि आमचे विश्वस्त ‘मुंबईहून’ हा शब्द ऐकला की उठून खिडकी लावून घेत. म्हणून मी खाटकाकडून बकऱ्याची कलेजी आणून दवाखान्यात शिजवायचो, गाळायचो, बाटल्यांत भरायचो. व्हायचं ते झालं. हे रोज कलेजी घेतात आणि घरी काही आणत नाहीत, ही बातमी शेजारणींमार्फत माझ्या बायकोपर्यंत पोचली.

“कोनाले खाऊ घालून राह्यले तुमी?” तिनं एका दुपारी पदर खोचून विचारलं.

“जंतूंना,” मी म्हणालो.

“नाव सांगा तिचं.”

शेवटी तिला दवाखान्यात नेऊन कपाट उघडून दाखवावं लागलं. तिनं गढूळ बाटल्यांची रांग पाहिली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, “याच्यापेक्षा बाई परवडली असती.”

आता सिंधूबाई. या आमच्या सिस्टर, मेहकरकडच्या, पन्नाशीला टेकलेल्या, तोंडात कायम सुपारी. त्यांच्या हाताला शीर अशी सापडायची की रोग्याला कळायच्या आत रक्त सिरिंजमध्ये. काचेच्या सिरिंज, उकळून उकळून धार गेलेल्या सुया, आणि तरीही सिंधूबाईंच्या हाती सुई दुखत नाही अशी ख्याती. गिरण्यांतले कामगार रांगेत भांडायचे, “मले बाईच पायजे!” यामागचं गुपित म्हणजे फुंकर. कातडीवर स्पिरिट लावलं आणि ओल्यावरच टोचलं तर चुरचुरतं. म्हणून सिंधूबाई स्पिरिट लावत, मग त्या जागेवर वाकून, डोळे मिटून, पोटच्या पोराला घालावी तशी लांबलचक फुंकर घालत, आणि मग टोचत. दांडगे दांडगे हमाल त्या फुंकरीनं विरघळायचे. एकानं तर सांगून टाकलं, “बाई, टोचू नोका, नुसतं फुकत राहा.”

आणि माझ्या बाटल्या बिघडत होत्या. सुपारीसकट.

यात गणपत पहिलवान बळी गेला. तेलाच्या गिरणीत कामाला, मान रेड्यासारखी, सुई पाहिली की घेरी. त्याला साधा सर्दीचा ताप होता, पण बाटली गढूळ झाली. आमच्या डॉक्टरांनी बाटलीवर विश्वास ठेवला आणि पहिलवानाला दोन्ही ढुंगणांवर आलटून पालटून इंजेक्शनं सुरू केली. तो महिनाभर बसू शकला नाही. जेवायचा उभ्यानं, गप्पा मारायचा उभ्यानं. पुढे मी सिंधूबाईंच्या तोंडातला आणि त्या बाटलीतला जंतू शेजारी शेजारी ठेवून पाहिला. सख्खे भाऊ होते. पहिलवानाच्या ढुंगणात जे औषध गेलं, ते खरं म्हणजे सिंधूबाईंना द्यायला हवं होतं.

हे असंच चाललं असतं. पण आमचा दवाखाना कामगारांच्या सरकारी विमा योजनेत होता. कामगाराच्या पगारातून थोडी कपात, मालकाचा थोडा वाटा, आणि कामगाराला नि त्याच्या घरच्यांना उपचार फुकट. दवाखान्याचा खर्च योजना भरणार. त्या योजनेचे एक डॉक्टर नागपूरहून तपासणीला यायचे. मी त्यांना नागपूरचे साहेब म्हणतो. काटकुळे, चष्मा, स्वतःचं पाणी स्वतःच्या थर्मासमध्ये. माणूस प्रामाणिक होता. हे आत्ताच लिहून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येणार आहे.

पहिलवानाची कथा ऐकून साहेब हसले नाहीत. म्हणाले, “म्हणजे योजनेच्या पैशानं आपण निरोगी माणसाला टोचत होतो.” आणि नागपूरला जाऊन त्यांनी धोरणच करून घेतलं. बिघडलेल्या बाटलीचा खर्च योजना देणार नाही. वारंवार बाटल्या बिघडवणारा दवाखाना योजनेतून बाद. आणि जो दवाखाना रक्त स्वच्छ घेईल त्याला आयोडीन, साबण, नव्या सिरिंज, उकळायचं भांडं, सगळं योजनेकडून.

वाचकहो, मी सरकारी कागदाचा भक्त नाही. पण या कागदानं आमच्या दवाखान्यात जे केलं ते विश्वस्तांच्या दहा बैठकांनी केलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा आमच्याकडे पुरेसं स्पिरिट आलं. हात धुवायला नळाखाली साबण आला, आणि तो चोरीला जाऊ नये म्हणून त्याला भोक पाडून सुतळीनं बांधलं गेलं. प्रश्न उरला फुंकरीचा.

सिंधूबाई ऐकेनात. “माह्या तोंडात कायचे आले जंतू? मी रोज मिसरी लावतो.”

मी त्यांच्यासमोर जंतू वाढवायची एक काचेची ताटली धरली. “बाई, फुंका.” त्यांनी दोन्ही गाल फुगवून फुंकली. दुसऱ्या दिवशी ताटली उघडून दाखवली. पिवळे, पांढरे, करडे ठिपके, बागच फुलली होती. बाईंनी ताटली डोळ्यांजवळ नेली.

“हे समदं माह्यातलं?”

“तुमचंच.”

“आन् मी हे लेकरायच्या आंगावर टाकून राह्यली होती?” एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या आणि रडल्या. मला वाटलं होतं आता गंमत येईल. ती आली नाही.

त्यानंतर फुंकर बंद. पण ओल्यावर टोचायचं नाही आणि फुंकायचंही नाही, तर वाळेपर्यंत रोग्याला गुंतवायचं कसं? बाईंनी आधी एक्स-रेच्या पाकिटानं वारा घालून पाहिला. त्यानं सगळ्या वॉर्डातली धूळ गोळा होऊन हातावर बसली. मग त्यांनी युक्ती काढली. आयोडीन लावलं की म्हणायच्या, “लेकरायचे नावं सांग, मोठ्यापासून.” रोगी नावं सांगू लागायचा आणि तोवर हात वाळायचा. खामगावच्या कामगार वस्तीत एवढी लेकरं होती की कितीही जाड थर वाळावा. ज्यांना कमी होती ते भाचे-पुतणे घालून भरपाई करायचे. एका नवरदेवानं लाजत लाजत होणाऱ्यांची नावं सांगितली.

बाटल्या बिघडायच्या थांबल्या. खोटे आजार बंद झाले. ज्याला खरा विषमज्वर त्यालाच औषध मिळू लागलं. नागपूरच्या साहेबांनी बाईंचा हात हातात घेऊन त्यांचं कौतुक केलं. मी हे सगळं हसत सांगतो, आणि इथपर्यंत गोष्ट हसण्याचीच आहे. इथंच थांबलो असतो तर दिवाळी अंक चांगला गेला असता.

पण बाटली बिघडली हे ठरवायचं कसं, हे मी तुम्हाला अजून सांगितलं नाही. धोरणाला एक यादी जोडलेली होती. कातडीवर राहणारे जंतू या यादीत. त्यातला कोणताही बाटलीत वाढला की बाटली बिघडली असं समजावं. यादीत सगळ्यात वर होता कातडीवरचा पांढरा गोल जंतू. साधा, गरीब, सगळ्यांच्या अंगावर असतो.

कासाबाई आली ती नवऱ्याच्या, महादूच्या, योजनेच्या कार्डावर. महादू तेलाच्या गिरणीत घाण्यावर. ही हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी निवडायची. बारीक चणीची, तिशीही नसेल. कित्येक आठवडे बारीक ताप, अंग उतरत चाललेलं, चार पावलं चालली की धाप. लहानपणी सांधे सुजून अंथरुणाला खिळली होती, असं तिनं सांगितलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “हृदयाच्या झडपेतून आवाज येतोय. जुना दोष आहे, त्यावर जंतू बसलेले असू शकतात. रक्ताचं कल्चर करा. नीट करा.”

तसं असेल तर त्यावर इलाज होता. पेनिसिलिन, भरपूर, आणि कित्येक आठवडे, दवाखान्यात ठेवून. एवढ्या मोठ्या उपचाराला योजना मंजुरी द्यायची, पण रक्तात जंतू सापडला असा अहवाल असेल तरच. जंतू सापडला नाही तर औषध नाही, आणि औषध नाही तर झडप आत कुरतडली जाते आणि माणूस जातो. म्हणजे त्या बाईचा जीव माझ्या कलेजीच्या रश्शात होता, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

सिंधूबाईंनी आयोडीन लावलं. “लेकरायचे नावं सांग माय.”

“लेकरू नाई बाई.”

“मंग कोनाचेबी सांग.”

कासाबाईनं थोडा विचार केला आणि तिच्या बकऱ्यांची नावं सांगितली. चंपी, भुरी, मोतन, आणि एक लंगडी जिला नावच नव्हतं. तोवर हात वाळला.

बाटली गढूळ झाली. मी पाहिलं. पांढरा गोल.

डॉक्टरांनी सिंधूबाईंना बोलावलं. “बाई, फुंकलं?”

“नाई साहेब.”

“सवय आहे तुमची.”

“साहेब, माही आई मरो, मी फुकली नाई.” आई मरून वीस वर्षं झाली होती, पण बाई खोटं बोलत नव्हत्या. मी शेजारीच उभा होतो, लंगड्या बकरीपर्यंत सगळं ऐकलं होतं.

दुसरी बाटली दुसऱ्या हातावरून घेतली. बाईंनी तोंडाला रुमाल बांधला. पुन्हा पांढरा गोल.

आता बाईंवर आळ घेता येईना. आणि आम्ही सगळे नुकतेच एवढे शहाणे झालो होतो, की पांढरा जंतू दिसला म्हणजे घाण कुठून आली हे शोधायचं, एवढंच आम्हाला सुचत होतं. तो रक्तातलाच असेल, हे कोणाच्या डोक्यात यायला जागा नव्हती. बाईंचं तोंड नाही, सुई नाही, बाटली नाही. मग उरली कोण? अहवाल विचारायला आलेली कासाबाई वॉर्डात एका रिकाम्या खाटेवर बसली होती. डॉक्टर तिच्यापाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “तुमच्या कातडीवर घाण फार आहे. त्यानं तपासणी बिघडते. आंघोळ करून येत जा. दवाखान्यात यायचं तर आंघोळ करून यायचं.”

 शेजारच्या खाटेवरची बाई भिंतीकडे सरकली.

तिसऱ्या वेळी कासाबाई आली ती दोन्ही हात पदराखाली झाकून. सिंधूबाईंनी पदर बाजूला केला आणि किंचाळल्या. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलवटली होती. तिनं विटेच्या तुकड्यानं घासली होती.

“काय केलं व हे?”

“आता साफ हाये बाई,” कासाबाई म्हणाली. “पाहा न.”

जिथं कातडी धड होती अशी जागा शोधून बाईंनी रक्त घेतलं. बाटलीत पुन्हा तोच आला. पांढरा गोल.

मी बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेलो. “साहेब, तीन वेळा, वेगवेगळ्या जागी, एकच जंतू. यात्रेकरू असता तर दर वेळी नवा आला असता. हा घरातच राहतो.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते मूर्ख नव्हते. “मलाही तेच वाटायला लागलंय. पण यादीत काय लिहिलंय? हा अहवाल मी पाठवला तर आपल्या नावावर तीन बिघडलेल्या बाटल्या. योजना गेली तर बाकीचे हजार कामगार कुठं जातील? अकोल्याला?”

नागपूरचे साहेब त्याच आठवड्यात आले. मी त्यांच्यासमोर तिन्ही ताटल्या ठेवल्या. त्यांनी नीट पाहिल्या, प्रकाशात धरून पाहिल्या. माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुम्ही बरोबर असाल. पण एकदा असा अपवाद केला, की उद्या प्रत्येक दवाखाना आपली घाण खरी आहे म्हणून सांगायला येईल. मग तुमचा पहिलवान पुन्हा उभ्यानं जेवेल. नियमाला माणूस ओळखता येत नाही हो.”

मी म्हणालो, “पण तुम्हाला तर येतो.”

त्यांनी थर्मासमधून पाणी ओतलं आणि ते प्यायले.

ते गेल्यावर डॉक्टरांनी मधला रस्ता काढला. आपल्याकडे सगळे मोठे घोळ मधल्या रस्त्यावर होतात. बाटल्या बिघडल्या असं लिहायचं नाही आणि जंतू सापडला असंही लिहायचं नाही. ‘वाढ आढळली नाही’ एवढं लिहायचं. मग ठपका नाही, दंड नाही, भांडण नाही. मंजुरीही नाही. सही त्यांची. मी एवढा आरडाओरडा केला की औषध वाटणारा कंपाउंडर धावत आला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “ओरडू नका. मी तिला माझ्याकडचं पेनिसिलिन देतो.”

दिलं. जेवढं त्यांच्या कपाटात होतं तेवढं. ताप उतरला. कासाबाईला भूक लागली, तिनं सिंधूबाईंकडे भाकर मागून खाल्ली. डॉक्टर मला म्हणाले, “बघा, झाली की बरी.” मलाही तसंच वाटावं अशी माझी फार इच्छा होती. ती घरी गेली. जाताना डॉक्टरांनी बजावलं, ताप आला की लगेच या.

ते दुष्काळाचं साल होतं. खामगावच्या नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नव्हतं. टँकर आला की भांड्यांची आणि माणसांची झुंबड, आणि त्यात जे मिळेल ते प्यायला. सिंधूबाईंना अशाच टँकरच्या गर्दीत महादू भेटला, हातात चेपलेला डबा.

“कासा कशी हाये रे?”

“ताप येऊन राह्यला बाई. परत पयल्यासारखाच.”

“मंग आनलं काऊन नाई तिले?”

“पानी नाई भेटलं न. आंघोळ केल्याबिगर येत नाई म्हनते. साहेबानं सांगतलं होतं न. म्या लय समजावलं, ते आयकतच नाई. आज भेटलं पानी त उद्या आनतो.”

“अरे आग लाव त्या आंघोळीले! तशीच आन तिले, उचलून आन!” बाई भर गर्दीत ओरडल्या. आणि आपली घागर तिथंच टाकून दवाखान्यात आल्या, मला म्हणाल्या, “भौ, चाला.” वॉर्ड कंपाउंडरकडे सोपवण्यात थोडा वेळ गेला. आम्ही दोघं महादूच्या घरी जायला निघालो तर तोच समोरून येत होता. डबा भरून तो घरी पोचला होता, कासाबाईनं हट्टानं त्यातलं पाणी अंगावर घेतलं होतं, आणि उठताना ती कोसळली होती. हातगाडीवर घालून तो तिला आणत होता. अर्धं अंग लुळं पडलं होतं, तोंड वाकडं झालं होतं. झडपेवरची गुठळी सुटून डोक्यात गेली होती. केस ओले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावायला सांगितलं. सिंधूबाईंनी तिचा हात स्पिरिटनं पुसला, आणि सुई टोचण्याआधी त्या जागेवर वाकून फुंकर घातली. डॉक्टर समोर उभे होते. भिंतीवर हुकूम होता. 

कासाबाई त्याच आठवड्यात गेली. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हृदयविकार लिहिलं, ते खोटं नव्हतं. महादूनं कोणाला काही विचारलं नाही. बकऱ्या विकून टाकल्या, असं ऐकलं.

आणि मग आमचा सत्कार झाला. हसू नका. योजनेतल्या दवाखान्यांत रक्त सगळ्यात स्वच्छ घेणारा दवाखाना म्हणून आमची निवड झाली. दवाखान्याच्या आवारात मांडव पडला, कर्णा लागला, विश्वस्तांनी कडक टोप्या घातल्या. गर्दी दिसावी म्हणून गिरणीच्या मॅनेजरनं ट्रक भरून कामगार पाठवले आणि त्यांना पुढच्या सतरंजीवर बसवलं. त्यांत महादू होता. मी त्याला पाहिलं आणि मान खाली घातली. सिंधूबाई मंचाशेजारी नारळ धरून उभ्या होत्या, कारण शाल त्यांनाही मिळणार होती.

नागपूरचे साहेब बोलायला उठले. चांगलं बोलले. मनापासून बोलले. पूर्वी किती निरोगी माणसं नाहक टोचली जायची, एका साध्या धोरणानं केवढा फरक पडला, या सिस्टरांनी आयुष्याची सवय कशी सोडली, सगळं सांगितलं. पहिलवानाचं नाव न घेता त्याची गोष्टही सांगितली, लोक हसले. मग त्यांनी आमच्या वर्षाच्या अहवालाचा कागद उघडला, ज्यात बिघडलेली एकही बाटली नव्हती, आणि त्यांचा आवाज चढला. “आणि मला सांगायला अभिमान वाटतो,” ते म्हणाले, “की सबंध वर्षात या दवाखान्यात एकाही कामगाराच्या, कामगाराच्या घरातल्या एकाही माणसाच्या रक्ताची तपासणी घाणीमुळे बिघडली नाही. एकाचीही नाही!”

टाळ्या पडल्या. विश्वस्तांनी वाजवल्या, डॉक्टरांनी हळू वाजवल्या, कामगारांनी मॅनेजरकडे बघून वाजवल्या. टाळ्या विरत असतानाच पुढच्या सतरंजीवरून महादू उठला. मुकादमानं त्याचा सदरा खाली ओढला, तो हिसडा देऊन त्यानं सोडवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. समोरचा हिशेब न लागलेल्या माणसासारखा तो साहेबांकडे बघत होता. माइक जवळच होता आणि कर्णा चालूच होता, त्यामुळे पेठेपर्यंत ऐकू गेलं.

“मंग माह्या बायकोले आंघोळ करून ये म्हून काऊन सांगतलं जी?”